चाळीस मिनिटं

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगखात्याचा मास्तर म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काढली आणि त्यातली निदान वीस ओरडण्यात गेली. आवाज चांगला होता, वाया का घालवायचा, असं माझं तेव्हा मत होतं.

टॉवेलला रंग चढवणं सोपं असतं. जादा रंग काढणं कठीण. यंत्रात टॉवेल फिरत राहतात, वरून नळ सोडायचा आणि रंगाळलेलं पाणी खालच्या नालीत वाहू द्यायचं. हे विसळण किती वेळ? चाळीस मिनिटं. फिकट पिवळा असो की गडद लाल, चाळीस मिनिटं. मला काम शिकवणाऱ्या वस्तादांचा तो नियम होता आणि मी तो मोठ्या अक्षरांत पाटीवर रंगवून यंत्राच्या वर टांगला होता. एकदा कुणीतरी तिसाव्या मिनिटाला नळ बंद केला, तेव्हा मी सगळं खातं डोक्यावर घेतलं होतं.

कारखान्याच्या मॅनेजरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या आल्या तशी त्यांच्या काखेत एक फाइल आली, तिच्यावर लिहिलेलं: पाण्याचा धोका. धरणात किती पाणी आहे, आपल्या विहिरीत किती आहे, कुठल्या खात्याला किती लागतं, सगळं त्यात. मलाही त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता, ‘पाणी बंद झाल्यास आपलं खातं किती तास चालेल?’ मी लिहिलं, ‘देव जाणे.’ फॉर्म परत आला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कृपया तासांत लिहा.’

मी तो फॉर्म खणात कोंबला आणि विसरलो. मग एका सोमवारी बाईंनी मला बोलावून घेतलं. धरण अर्ध्याच्याही खाली गेलं होतं. पुढच्या महिन्यापासून सगळ्या कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणणार, असं पत्र आलं होतं. विणकामाला पाणी लागत नाही, शिवणकामाला लागत नाही. कारखान्यातल्या दहा बादल्यांपैकी आठ माझं खातं पितं. चार आठवड्यांत मला आत्ताच्या निम्म्या पाण्यावर काम करून दाखवायचं होतं आणि टॉवेलचा रंग गेल्याची एकही तक्रार यायला नको होती. नाही जमलं तर रंगकाम बाहेर पाठवायचं आणि खात्याला कुलूप. म्हणजे आम्ही बत्तीस जण घरी.

“मास्तर, मला ते करायचं नाहीये,” त्या म्हणाल्या. “मला ते करायला लावू नका.”

वजनकाट्याजवळ सगळ्यांना गोळा करून मी बातमी सांगितली. निम्म्या पाण्यात रंगकाम होत नसतं, हेही सांगितलं. माणसं खाली मान घालून पांगली. एकट्या मावशी थांबल्या.

मावशी म्हणजे आमच्या खात्याची फरशी पुसणाऱ्या. साठीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. विसळण सुरू झालं की दारापासून पुसायला घ्यायचं, हा माझाच हुकूम होता, आणि त्या दारापासून नवव्या खांबापर्यंत एका लयीत पुसत जायच्या. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, सांगायला जड जातंय तरी. पूर्वी त्या दाराजवळच्या नळावर बादली भरायच्या. सहा वर्षांपूर्वी पाणी वाचवायचा फतवा निघाला, तेव्हा मी तडक त्या नळाला कुलूप घातलं. माझ्या खात्यानं पाणी वाचवलं, असं मी मोठ्या तोंडानं सांगितलंसुद्धा. मावशींनी बादली कुठून भरायची, हे मी विचारलं नाही.

“मास्तर,” मावशी म्हणाल्या, “फिकट रंगाचं पाणी चौथ्या खांबानंतर स्वच्छच असतं.”

मी म्हणालो, फरशीचं काय ते बघा, रंगाचं मी बघतो. त्या गेल्या. मी चहा घेऊन खुर्चीत बसलो आणि पाहतो तर काय, फिकट पिवळ्याचं विसळण चालू आहे, मावशी चौथ्या खांबाशी पोहोचल्यात, आणि नालीवरची लोखंडी जाळी उचलून त्यांनी बादली खाली धरलीय. भरली, उचलली, पुढे पुसायला लागल्या. सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे चालू होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मी उठलो. कपातला चहा ओतून टाकला, कप विसळला आणि नालीत बुडवला. पांढऱ्या कपात पाणी अगदी नितळ होतं. घड्याळ पाहिलं तर सतरा मिनिटं झाली होती; म्हणजे मावशींचा चौथा खांब हेच त्यांचं घड्याळ. उरलेली तेवीस मिनिटं आम्ही चांगलं पाणी चांगल्या पाण्यानं धूत होतो.

आता असं का, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. यंत्रामागे गेलो. तिथे दोन खुंट्यांवर एक जुना नळीचा तुकडा आडवा टाकलेला, त्यावर मावशींची पुसायची फडकी वाळत होती. नळी अंगठ्याएवढी जाड. वस्तादांच्या काळी यंत्राला हीच होती. अकरा वर्षांपूर्वी ती सडली म्हणून मी मनगटाएवढा पाइप बसवून घेतला, तोही भांडून. पाणी धो धो यायला लागलं. चाळीस मिनिटं मात्र तशीच राहिली, कारण ती पाटीवर लिहिलेली होती आणि पाटी मी लिहिलेली होती. मावशींच्या दोन बादल्या कुलपात घालून मी रोज टाक्याच्या टाक्या नालीत सोडत होतो. मला त्या फडक्यांकडे बघवेना.

पण स्वभाव एका दिवसात बदलत नाही. मी मावशींना गाठून म्हणालो, तुमचं बरोबर आहे, चौथा खांब. त्या म्हणाल्या, “हो, पण मास्तर—” तोवर मी मॅनेजरबाईंच्या खोलीकडे निघालोसुद्धा होतो.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः हजर. पिवळा सतरा मिनिटांत उरकला. ओला टॉवेल पांढऱ्या कापडावर दाबून पाहिला, कापड पांढरं. माझी छाती फुगली. लगेच गडद लाल घेतला, सतराव्या मिनिटाला ऐटीत नळ बंद केला, टॉवेल कापडावर दाबला आणि कापड गुलाबी झालं. पुन्हा विसळायला घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. रोजच्यापेक्षा जास्त पाणी गेलं. बाई फाइलमध्ये आकडा लिहून निघून गेल्या, आणि तो आकडा मला माझ्या सगळ्या ओरडण्यापेक्षा जोरात लागला.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. म्हटलं, मावशींचं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. तिनं मला भात वाढता वाढता एवढंच विचारलं, “त्यांचं बोलून झालं होतं का?”

तीस वर्षांच्या संसारात तिला हा प्रश्न नेमका कुठून सुचला, ते मला चांगलं माहीत होतं.

सकाळी मी मावशींच्या समोर रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. खात्यातली माणसं चोरून बघत होती. मी विचारलं, लालचं का नाही सांगितलंत?

“तुम्ही थांबलात कुठे?” मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता, तेच जास्त झोंबलं.

मग त्या बोलल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकलं. पिवळा, गुलाबी, आकाशी चौथ्या खांबाला स्वच्छ. हिरवा सहाव्याला. निळा सातव्याला, पण थंडीत आठव्याला. लालचं पाणी त्या कधी भरतच नाहीत, कारण नवव्या खांबालाही ते गुलाबीच असतं. फक्त एक वेळ सोडून. “जेवणाच्या सुट्टीत तुम्ही नळ बंद करून यंत्र तसंच भरलेलं ठेवता ना,” त्या म्हणाल्या, “त्यानंतर ते पाणी सोडलं की आधी रक्तासारखं येतं, आणि पुन्हा नळ सुरू केला की दुसऱ्या खांबालाच स्वच्छ. लाल रंग वाहत्या पाण्यात निघत नाही मास्तर, भिजत ठेवला की निघतो. घरी कपडे धुताना आपण काय करतो?”

आपण काय करतो ते मला माहीत नव्हतं. घरी कपडे मी कधी धुतले नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी घड्याळ आणि वही घेऊन मावशींच्या मागोमाग खांब मोजत फिरलो. कुणी हसलं तर हसू दिलं. लालला आधी भिजवायचं, सोडायचं, पुन्हा भिजवायचं, मग थोडंसं वाहतं पाणी. प्रत्येक घाण्याला पांढऱ्या कपात पाणी आणि पांढऱ्या कापडावर टॉवेल. शेवटचं स्वच्छ पाणी नालीत न सोडता अंगणातल्या पडीक टाकीत साठवलं आणि गडद रंगांच्या पहिल्या भिजवणीला वापरलं. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा चूक माझी होती, घाई केली म्हणून. दोन्ही वेळा मावशींनी मला पुन्हा बादलीवर बसवलं. पाटी मी स्वतः उतरवली. वस्तादांची आठवण आली. ते असते तर त्यांनीही कपच बुडवून पाहिला असता. चाळीसचा हट्ट त्यांचा नव्हता, माझा होता.

महिना लागला आणि पाणी निम्म्यावर आलं. पहिल्या दिवशी नळाची धार करंगळीएवढी झाली तेव्हा सगळं खातं श्वास धरून उभं होतं. संध्याकाळी मॅनेजरबाईंनी आकडे जुळवले. निम्म्याच्याही खाली. टॉवेलांचे गठ्ठे तपासून झाले, कापड पांढरंच राहिलं. बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, “कुणीही घरी जाणार नाही.” माझा जीव भांड्यात पडला. बत्तिसातला एक जण मोठ्यानं हसला आणि मग रडला, आणि तो कोण होता हे मी सांगणार नाही. पण आवाज चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मी खणातून तो जुना फॉर्म शोधून काढला. ‘देव जाणे’ खोडलं आणि लिहिलं, टाकीत साठवलेल्या पाण्यावर अकरा तास. खाली कुणी हिशेब केला त्याचं नाव लिहायची जागा होती. तिथे मी मावशींचं नाव लिहिलं, आणि तेव्हा कळलं की मला ते ठाऊकच नव्हतं. जाऊन विचारावं लागलं.

विचारायला गेलो ते कुलपाची किल्ली घेऊनच. त्या फरशी पुसत होत्या, पिवळ्याचं विसळण नुकतंच सुरू झालं होतं. मी रात्रभर घोकलेलं भाषण विसरलो. म्हणालो, “मावशी, खातं तुमच्यामुळे राहिलं. माझं घर, या सगळ्यांची घरं. मी सहा वर्षं तुमचा नळ कुलपात ठेवला, आणि तुम्ही नालीतून बादल्या भरता भरता आम्हाला वाचवायचं शिकून ठेवलंत. मी तुमचा फार ऋणी आहे. माफीही मागतो.”

त्यांनी नाव सांगितलं. किल्ली घेतली, पदराच्या टोकाला बांधली. नळ मात्र उघडायला गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, पाय उचला. तिथली फरशी राहिलीय.”

मी पालथ्या बादलीवर बसून दोन्ही पाय वर घेतले. त्यांनी खालून पुसून घेतलं आणि त्याच लयीत पुढे गेल्या. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मनगटावरचं घड्याळ मी त्या सकाळी घरीच ठेवून आलो होतो. मावशी चौथ्या खांबाशी पोहोचल्या, वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून नळ बंद केला.