डांगर कापायला गडी माणूस

एलिया सरांना पुण्याला मुलाकडे राहायला जायचं नव्हतं. त्याला तसं तोंडावर सांगणं मात्र जमेना. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि सरांकडे कारण एकच होतं, ते म्हणजे डांगरं.

बेलापुरातल्या त्यांच्या गल्लीत घरं अकरा. टोकाच्या मोकळ्या जागेत आधी गाजरगवत आणि डुकरं सुखानं नांदत होती. तीन वर्षांपूर्वी बायकांनी ती जागा साफ करून भाजी लावली. पिकेल ते अकरा घरांत वाटायचं, उरेल ते नळाजवळच्या ओट्यावर ठेवायचं, हवं त्यानं न्यावं. मेथी, वांगी, दोडके नियमानं वागले. यंदा मात्र लाल भोपळ्याचा, म्हणजे डांगराचा, एक वेल कुणी न लावताच उगवला आणि त्याला चौतीस डांगरं लागली. ओट्यावरून ती कुणी नेईना. उलट सकाळी बघावं तर एखादं वाढलेलंच असायचं.

त्यात अख्ख्या डांगराला पहिली सुरी बाईनं लावायची नसते, गड्यानं लावायची. गल्लीतले गडी सकाळीच कारखान्यावर, नाहीतर श्रीरामपूरला. दिवसा पुरुष म्हणून उरायचे एकटे एलिया सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, वय त्र्याहत्तर. बायको लिडिया गेल्यापासून अकरा महिने ते दार लावून घरात बसले होते.

एके सकाळी समोरच्या झुंबरबाई काखेत डांगर मारून दारात उभ्या राहिल्या.

"सर, एवढं कापून द्या."

"अहो, पण आम्ही ख्रिस्ती."

"मंग? डांगर काय दाखला मागतंय व्हय?"

तेव्हापासून सरांना फुरसत म्हणून नव्हती. रोज दोन-तीन घरं. आधी ते बोटांनी मोजून डांगराचा मध्य काढत, मगच सुरी लावत. घरोघरी चहा, कुठे घारगे. आदल्या दिवशी कापलेलं सगळं वाटून संपलं होतं, तरी दुसऱ्याच दिवशी झुंबरबाईंच्या गॅसवर डांगराची भाजी रटरटत होती आणि कापायचं डांगर तर अजून अख्खं होतं. सरांनी ते पाहिलं, पण विचारलं काही नाही. कुणीतरी आपल्याला हाक मारतंय, याचंच त्यांना फार बरं वाटत होतं.

बुधवारी मुलगा जॉय रजा टाकून गाडी घेऊन आला. सरांची बॅग भरून त्यानं डिकीत टाकलीसुद्धा.

"झुंबरबाईंकडचं एक राहिलंय," सर म्हणाले आणि निघाले. जॉय कपाळाला हात लावून मागोमाग गेला.

झुंबरबाईंनी पोतं अंथरून त्यावर डांगर ठेवलं.

"मावशी, तुम्हीच कापा की," जॉय म्हणाला. "काय होतंय?"

"बाईनं कापू न्हाई, बाबा. वाईट असतं."

"मग इतकी वर्षं बाजारातून आणलेलं कोण कापायचं?"

"तुझी आई," झुंबरबाई बोलून गेल्या. "अख्ख्या गल्लीची डांगरं तीच कापायची. हात लई सरळ तिचा."

सरांची सुरी अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे बाईच ना?" जॉय म्हणाला.

झुंबरबाई पेचात पडल्या. पण माघार घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मंग गेली न्हवं का?"

बोलल्या आणि त्यांचा पदर तोंडाशी गेला. जॉयचा चेहरा उतरला. सर डांगराकडे बघत राहिले. लिडियाला रक्तदाब होता, साखर होती, शेवटी किडनीही गेली होती. चार डॉक्टरांनी चार कारणं सांगितली, पण डांगर कुणालाच सुचलं नव्हतं. हे ऐकून तिनं काय तोंड केलं असतं, ते सरांना लख्ख दिसलं. त्यांचे खांदे हलले. मग ते हसायला लागले, आणि थांबेचनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते नुसतं हसण्याचं नव्हतं. लिडियाची इतकी आठवण त्यांना अकरा महिन्यांत आली नव्हती, आणि आज ती पहिल्यांदाच सोसवत होती.

झुंबरबाई आधी रडल्या, मग त्याही हसल्या. जॉय बापाकडे बघत होता. मग तो बाहेर गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सरांची बॅग होती. ती त्यानं भिंतीला टेकवून ठेवली.

"किती राहिलीत अजून?" त्यानं विचारलं.

"बावीस," डोळे पुसत सर म्हणाले.

"आन् वेलाला फुलं हायेत," झुंबरबाई म्हणाल्या.

त्या दुपारी जॉय एकटाच पुण्याला गेला.