रिकाम्या मांडण्या

लोणी काळभोरच्या कॉलेजचे प्राध्यापक हिंदुराव काळभोर संगणकांची ऑर्डर देण्याआधी कारखाना पाहायला येणार होते. कोथरूडमधल्या आपल्या दोन गाळ्यांना कारखाना म्हणताना सरोजिनीला संकोच वाटे. पण ही ऑर्डर हुकली, तर त्या गाळ्यांनाही कुलूप लागणार होते.

आदल्या वर्षी तिने मांडण्या भरभरून सुटे भाग घेतले होते. नवा पेंटियम प्रोसेसर बाजारात आला आणि ते सारे धूळ खात पडून शेवटी भंगारात गेले. तेव्हापासून तिने रीत बदलली. ऑर्डर हाती आली की मगच माल मागवायचा. भोसरीहून सकाळी संगणकाचे कॅबिनेट आले की दुपारी जोडणीला घ्यायचे. तिच्या सासऱ्यांना, गोपाळकृष्णपंतांना, हे पटत नसे. त्यांची सारी हयात रविवार पेठेतल्या वाणसामानाच्या दुकानात गेलेली. रिकामी मांडणी दिसली की गिऱ्हाईक पायरीवरूनच परतते, असे ते जेवताना हटकून ऐकवीत.

त्या सकाळी ती पोहोचली, तर मामंजी आधीच येऊन हात पुसत उभे होते आणि मांडण्या छतापर्यंत खोक्यांनी भरल्या होत्या. काही विचारेपर्यंत प्राध्यापक दारात आले.

खोक्यांवरून नजर फिरली तसा त्यांचा चेहरा उतरला. मागच्या विक्रेत्याने साठलेला जुना मालच कॉलेजच्या गळ्यात बांधला होता, असे ते म्हणाले.

"बाई, एवढा माल पडलाय म्हंजी तो आमच्याच माथी मारणार तुम्ही. येतो मी."

मामंजींनी पुढे होऊन एक खोके काढले आणि पाहुण्यांच्या हातात दिले. त्याला वजनच नव्हते.

"सगळी रिकामी आहेत. मी रचली, सूनबाईला पत्ता नाही. तिच्याकडे शिळं काही मिळत नाही, हीच माझी तक्रार होती."

प्राध्यापकांना हसू आवरेना. ऑर्डर आल्यावरच भोसरीहून माल मागवते, असे सरोजिनीने सांगितले. मालाची गाडी वेळेवर आली नाही तर, असे त्यांनी विचारले. एखादा दिवस उशीर होईल, तिने सरळ सांगितले. पण यंत्र त्या आठवड्यातले असेल, आणि भाव उतरले तर त्याचा फायदा कॉलेजला मिळेल. आधी एक यंत्र द्या, ते वेळेत आले तर बाकीची तुमचीच, असे ठरवून ते गेले.

सरोजिनीने भोसरीला फोन लावला. मामंजी खोकी मोडून घड्या घालत होते.

"एक मांडणी तरी भरलेली ठेवू का गं?"

"तुमचा डबा ठेवा तिथं, मामंजी," ती म्हणाली.