उसनी छाती

थोरल्याला महिन्याभरात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा घरी दाढी करताना, आणि एकदा टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून पंधरा मजले वर. दुसरी गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. पहिली मात्र बायकोने डोळ्यांनी पाहिली आणि त्याला ओढत कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने लिहून दिलं की चोवीस तास छातीला यंत्र लावून ठोके तपासा आणि रिपोर्ट येईपर्यंत क्रेनवर चढू नका.

वीस वर्षं आभाळात बसून काम केलेला माणूस जमिनीवर आला की त्याला काही सुधरत नाही. ठोक्यांत खोट निघाली तर पेसमेकर बसवतील, आणि छातीत मशीन असलेल्याला वर कोण पाठवणार, असं त्याने ठरवून टाकलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. भीतीचं हे असं असतं. मग त्याला धाकटा भाऊ आठवला.

धाकटा त्याच क्रेनवर बदली ऑपरेटर होता. तब्येतीने रेडा, सर्दीपलीकडे आजार माहीत नाही, आणि चेहरा असा की सख्खी मावशीसुद्धा दोघांत फसायची.

"माझ्या नावाने तू जाऊन ये," थोरला म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"दादा, लोक शर्ट उसना मागतात. तू छाती मागतोस."

"क्रेन कोणी शिकवली तुला?"

"झालं. निघाले जुने उपकार." धाकटा हसला आणि गेला. थोरल्याने सांगितलं आणि त्याने केलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. लॅबमध्ये नाव थोरल्याचं लागलं आणि तारा धाकट्याच्या छातीला.

चार दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. थोरला आरामात गेला. बायकोलाही त्याने नेलं नाही, आता नुसतं सही-शिक्क्याचं काम उरलंय म्हणाला. त्याच्या जागी सकाळपासून धाकटा वर होता.

"एकटेच आलात?" बाईंनी विचारलं.

त्यांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. "एखादा ठोका कोणाचाही चुकतो. तेवढ्यासाठी पेसमेकर बसवत नाहीत. पण तुमचं हृदय मध्येच थांबतंय." पेन्सिल छोट्या डोंगरांवरून सरकत एका सपाट रेघेवर आली आणि बराच वेळ रेघेवरूनच चालत राहिली. "पावणेपाच सेकंद. दिवसाढवळ्या, जागेपणी. अशा सात जागा आहेत. आणि त्रास झाला की वेळ लिहायला दिलेल्या कागदावर तुम्हीच लिहिलंय, अकरा वीस, जिन्यात पाय घसरला. पाय घसरला नव्हता, तुमची शुद्ध गेली होती. असं असलं की पेसमेकरला पर्याय नसतो."

थोरल्याला तो जिना माहीत होता. त्या रात्री जेवताना धाकट्याने गुडघा चोळत तो किस्सा सांगितला होता आणि सगळे पोट धरून हसले होते. सगळ्यांत जास्त थोरलाच हसला होता.

"आजच दाखल व्हा," बाई म्हणाल्या. "मशीन बसल्यावर बरेच जण पुन्हा कामाला लागतात. काम काय करता?"

त्याने सांगितलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सध्या वर जात नाही ना?"

"मी नाही जात," तो म्हणाला. "बाई, ही छाती माझी नाही."

सगळं ऐकून त्या ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्यांना आहेत तिथे बसवून ठेवा. शिडीवरून एकट्याने उतरू देऊ नका. आणि तुमचं काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. तुम्हीही चढायचं नाही."

केबिनमध्ये मोबाइल न्यायला बंदी होती. थोरल्याने रिक्षातून, क्रेनला खालून इशारे देणाऱ्या सिग्नलवाल्याला फोन लावला. "त्याला सांग, भार खाली ठेव आणि हलू नकोस."

"मघापासून वॉकीटॉकीवर बोलावतोय, उत्तरच देत नाही," सिग्नलवाला म्हणाला. "बॅटरी गेली असणार."

साइटवर सळयांची मोळी अर्ध्या आभाळात न हलता लटकत होती. लिव्हरवरून हात सुटला की क्रेन आपोआप थांबते, हे धाकट्याला त्यानेच शिकवलं होतं. थोरला बघत असतानाच मोळी पुन्हा हळूच हलली, जणू काही झालंच नाही. बाईंचं बोलणं त्याच्या कानात होतं, तरी तो शिडीला भिडला. थोरल्या ऑपरेटरला अडवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

केबिनच्या दारात पोचला तेव्हा तो धापा टाकत होता.

"दादा? आला का रिपोर्ट? पास ना मी?"

"भार ठेव खाली."

धाकट्याने मोळी अलगद टेकवली. हात कसलेला होता. त्याच्या कपाळावर ताजी खोक होती आणि रक्त भुवईपर्यंत आलं होतं.

"वॉकीवर का बोलत नव्हतास?"

"कोणी बोलावलंच नाही." धाकट्याने कपाळ पुसलं आणि बोटांवरचं रक्त बघत राहिला. "हे कधी लागलं?"

थोरल्याने त्याला सांगितलं. डोंगर, सपाट रेघ, जिना, सगळं सांगितलं. धाकट्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "आणि तुझं काय निघालं?" त्याने विचारलं.

"माझं कोणी बघितलंच नाही."

दोघांनी एकदमच खाली, शिडीकडे पाहिलं. थोरल्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने वॉकी उचलला. साइटवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं तो बोलला. "तपासणीला मी भावाला पाठवलं होतं. मी खोटं बोललो. आम्हाला दोघांनाही शिडी उतरता येणार नाही. दोर घेऊन माणसं पाठवा."

"वीस मिनिटं लागतील," खालून उत्तर आलं.

त्याने धाकट्याला केबिनमध्येच खाली बसवलं, त्याच्या पाठीला आपली छाती लावली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. बोटाखाली नाडी नीट लागत होती.

"वहिनी आता तुला घरात घेत नाही," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे ये राहायला. पण आधीच सांगतो, माझी बायको..."

बोटाखाली नाडी लागेनाशी झाली. थोरल्याने बोट सरकवून पाहिलं, दाबून पाहिलं. धाकट्याचं डोकं हळूच त्याच्या खांद्यावर आलं.