तिजोरीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. भट्टीच्या धगीत माझा जन्म झाला. चार हमालांनी घाम गाळत मला या घरात आणले. घरातल्या आईने आपल्या बांगड्या, गळ्यातली साखळी आणि घराची कागदपत्रे माझ्या हवाली केली. शेजारणी माझ्या पितळी मुठीवरून हात फिरवत आणि मी फुलून जाई.

पण आईचा जीव होता तिच्या पवित्र शास्त्रावर, तिच्या जुन्या बायबलवर. पुठ्ठा फाटका, पाने पिवळी, समासात पेन्सिलीच्या खुणा. तरी ते तिच्या उशाशी असे आणि मी कोपऱ्यात उभी! रोज संध्याकाळी ती ते वाचून दाखवी आणि मुले ऐकत. मला मात्र लग्नकार्यालाच उघडी. माझा नुसता जळफळाट होई.

आई देवाघरी गेली. वाटणीसाठी तिचा घड्याळजी मुलगा आणि नर्स असलेली मुलगी माझ्यापुढे बसली. मला वाटले, आता माझ्यावरून जुंपणार.

"दागिने सगळे तूच ठेव, दादा," बहीण म्हणाली. "मला फक्त आईचं शास्त्र दे."

"दागिने तू ने. शास्त्र माझ्याकडेच राहील. मी थोरला आहे."

"मग मी या घरात पाय ठेवणार नाही."

ती गेली. दादाने रागाच्या भरात शास्त्र माझ्यात कोंबले आणि किल्ली फिरवली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वैरी माझ्याच पोटात बंद झाला होता.

पण घर मुके झाले. दादा कामावरून येई, माझ्यासमोर घुटमळे आणि न जेवताच झोपे. अखेर एके दिवशी त्याने मला उघडले. बांगड्या बाजूला सारून शास्त्र काढले आणि आईच्या एका खुणेपाशी वाचू लागला. दुसऱ्याच ओळीवर त्याने ते मिटले. शास्त्र काखेत मारून तो तडक बहिणीकडे निघाला. माझे दार सताड उघडे होते, आत सोने चमकत होते. त्याने वळूनही पाहिले नाही.

संध्याकाळी दोघेही आली.

"अरे, तिजोरी उघडी टाकून आलास?" बहिणीने विचारले.

"राहू दे गं. आधी तू वाच."

मित्रांनो, सोने खुशाल माझ्यात ठेवा, मी राखण करीन. शास्त्राला मात्र कोंडू नका. ते वाचले, ऐकले, तरच घराचे धन होते. एवढे मला कळले आहे. तरी खरे सांगते, ती दोघे एका पानावर वाकून बसली, की माझ्या लोखंडात आजही हेव्याची कळ उठते.