भोपळ्यातून आधी कोण निघालं?

मी तुंबा बोलतोय, पाणी भरायचा वाळका भोपळा. ओनमीच्या चुलीवरच्या फळीवर, धुरात पडून आहे.

लाओ मुलखातल्या नाम ऊ नदीच्या वरच्या डोंगरात, भातशेताच्या कडेला माझा वेल होता. मी वाळलो, तेव्हा ओनमीच्या मामाने, सिएंगने, सळई लाल करून मला तोंड पाडलं. आम्हा खमू लोकांची रीतच तशी, कारण गोष्टच तशी आहे. महापूर आला, एक भाऊ आणि एक बहीण तेवढी वाचली, त्यांच्या पोटी भोपळा जन्मला. त्याला तापल्या सळईने भोक पाडलं आणि आतून माणसं निघाली. आधी खमू. जळक्या भोकाची काजळी लागली म्हणून सावळे, पण थोरले. मागून लाओ, गोरे आणि धाकटे.

ओनमी मला घेऊन ओढ्यावर जायची. तिथे शेजारच्या ह्मोंग जमातीची एक बाई सांगे, आमचे पूर्वज ढोलात बसून तरले. मीठवाला लाओ सांगे, आमचेही भोपळ्यातूनच आले. सगळीकडे तोच पूर, तेच उरलेले दोन जीव, आणि शेवटी प्रत्येकाचं ‘पहिले आम्हीच!’ मला मौज वाटे.

मग खालच्या गावच्या विसाईशी, लाओ मुलाशी, ओनमीचं लग्न ठरलं. बोलणीला तांदळाच्या दारूचा रांजण मध्ये ठेवला. पहिला घोट थोरल्याचा. मामाने वेळूची नळी तोंडाला लावली.

“अहो व्याही, पाहुण्यांना विचाराल की नाही?” विसाईचे काका म्हणाले.

“पाहुणे असाल, पण धाकटेच. भोपळ्यातून आधी कोण निघालं?”

“तुम्हीच की! भोक पुसून दिलंत, म्हणून आम्ही स्वच्छ निघालो.”

कुणीतरी फिसकन हसलं. मामाने मला उचलून काकांच्या तोंडासमोर धरलं. “ही बघा काजळी! आम्ही अंगावर घेतली, म्हणून तुम्हाला वाट मिळाली.”

“मामा, दोन नळ्या लावा ना,” ओनमी कळवळून म्हणाली. “दोघं एकदम ओढा.”

“तू गप्प बस!”

“मग मुलगीही ठेवा तुमच्याकडेच,” म्हणत काका उठले. विसाई खाली मान घालून त्यांच्यामागे गेला.

ती काजळी मामाच्याच सळईची होती, पूर्वजांची नव्हती. मला बोलता आलं असतं तर!

विसाईने दुसरीकडे संसार मांडला. ओनमीने नाही मांडला.

आता शेजारची पोरं तिच्याकडे गोष्ट ऐकायला येतात. “आत्या, मग आधी कोण निघालं?”

“आत नुसती ढकलाढकली होती रे. कुणी पाहिलंय?”

म्हातारा मामा दाराशी बसून ऐकतो. तिची चूक काढत नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असेलच. ती जरूर सांगा. फक्त दारी आलेल्या माणसावर उगारू नका.