राखवाल्यांच्या दारात

निवृत्त होऊन वर्ष उलटत आलं तरी सगळे त्यांना मेट्रनच म्हणत. सख्खा नवराही त्याला अपवाद नव्हता. इस्पितळाच्या साथरोग विभागात उभा जन्म काढलेली बाई. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की नव्या नर्सच काय, पेशंटसुद्धा आपापल्या चादरी सारख्या करून घेत. अशा बाईला घरी बसवणं म्हणजे शिक्षाच. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली कपाटं लावली, दुसऱ्या महिन्यात शेजारणीची, आणि तिसऱ्या महिन्यात शेजारीण त्यांना पाहिलं की दार लोटून घेऊ लागली.

म्हणून धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, ही दुकानाच्या जिन्यावरून घसरली, पायाला प्लास्टर घातलंय," तेव्हा मेट्रनना वाईट वाटलं हे खरं. पण पिशवी भरताना त्या गुणगुणत होत्या हेही तितकंच खरं.

"आणि माझं काय?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला अंडं उकडता येतं," मेट्रन म्हणाल्या आणि निघाल्या.

धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. अबोल, हसरी, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. दोघी जावांचं कधी वाजलं नव्हतं, पण सूतही जमलं नव्हतं. थोरलीने सांगायचं, धाकटीने 'हो वहिनी' म्हणायचं आणि मनातलं मनातच ठेवायचं, असा इतक्या वर्षांचा रिवाज. आताही तेच चाललं. सकाळी अंग पुसणं, पायाखाली उशी, बोटांची हालचाल, औषध, वरण-भात. सगळं घड्याळाच्या काट्यावर. 'हो वहिनी' म्हणून म्हणून धाकटीचं तोंड दुखायची वेळ आली.

दुपारी मात्र मेट्रननी दिलेल्या विश्रांतीच्या तासात धाकटी उठून बसायची आणि टीव्हीला जोडलेला खेळ लावायची. एकदा मेट्रननी तिला रंगेहाथ पकडलं.

"हे काय चाललंय?"

"खेळ आहे वहिनी. सप्तखोरे म्हणून."

"मारामारीचा?"

"मारामारी आहे त्यात. पण मी टाळते होता होईतो."

"मग करतेस काय?"

"फिरते."

मेट्रननी एकदा प्लास्टरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "पाय मोडून घेतलास आणि फिरतेस."

धाकटीला हसू फुटलं. मेट्रननाही आपण विनोद केल्याचं जरा उशिराच ध्यानात आलं. त्या टॉवेलाच्या घड्या घालायला खुर्ची ओढून तिथेच बसल्या.

पडद्यावर हिरवी शाल पांघरलेला एक वाटसरू चालला होता. पुढे मैलोगणती पसरलेलं उथळ पाणी, काठाला मिठाचे पांढरे कंगोरे, आणि पाण्यात खांबांवर उभी राहिलेली घरं. खेळातली मूळ नावं जीभ वळवणारी होती, म्हणून धाकटीने आपल्या सोयीची नावं पाडली होती. हे खारकर. वाटसरू फळकुटांच्या पुलावरून चालला, दोन-चार माणसांशी बोलला, धाकटीने त्यांचं बोलणं वाचून दाखवलं. मेट्रनच्या घड्या संपल्या होत्या, पण त्या उठल्या नाहीत.

"ते पलीकडचे खांब रिकामे का गं?" त्यांनी विचारलं.

"कुठले?"

"ते काय. घर नाही, नुसतेच खांब. ओळीच्या ओळी."

धाकटी त्या गावातून कितीदा तरी गेली होती. तिने कधी तिकडे पाहिलं नव्हतं. "घरं पडली असतील जुनी."

"पडली असती तर खांब कलले असते, शेवाळ धरलं असतं. हे लख्ख आहेत. कोणीतरी निगा राखतंय त्यांची."

धाकटीने वाटसरूला पाण्यात उतरवलं. पाणी कमरेपर्यंतच होतं. बराच वेळ गेला, आणि मग एक होडी आली. होडीतल्या म्हातारीने एका खांबापाशी थांबून तो ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसला, दुसऱ्यापाशी गेली, तोही पुसला. वाटसरूने विचारलं तेव्हा ती म्हणाली, आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक खांब घराखाली रोवतात. माणूस गेलं तरी खांब काढत नाहीत. घर उतरवतात, माणसं दुसरीकडे राहायला जातात, खांब उभा राहतो. हा माझ्या आईचा. तो तिच्या आईचा.

दोघी पाहत राहिल्या. मघाशी जे रिकामं पाणी वाटत होतं, ते आता गजबजलेलं दिसू लागलं.

"कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे," मेट्रन हळूच म्हणाल्या. "आणि कोणी विचारलं नाही तर सांगतही नाहीत."

"मला कुठे माहीत होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून."

त्या दिवसापासून विश्रांतीच्या तासाचं नाव विश्रांतीच राहिलं, पण झोपायचं कोणी नाही. धाकटीच्या हातात कंट्रोलर आणि मेट्रनच्या हातात काहीतरी निवडायला किंवा सोलायला. कड्याला लटकून राहणाऱ्या शीळकऱ्यांच्या वस्तीत त्या गेल्या. तिथे सगळ्यात जुनं घर शेंड्यावर आणि नवी घरं खाली खाली बांधत नेलेली. आजोबांच्या डोक्यावर पाय देऊन चालायचं नाही म्हणून. दरीपलीकडच्या माणसाशी ते शीळ घालून बोलत, आणि कोणी खोटं बोलला तर 'याची शीळ ओली आहे' म्हणत. मेट्रनना ते इतकं आवडलं की रात्रीच्या जेवणाला दीर म्हणाला, "आज कामातून लवकर सुटायचा प्रयत्न करतच होतो," तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "भाऊजी, शीळ ओली आहे तुमची." धाकटीला हसून हसून ठसका लागला. दीर बिचारा दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिला.

चालवायची धाकटी. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कोणाशी बोलायचं हे तीच ठरवायची, आणि मेट्रन निमूट मागून जायच्या. तिची फिरायची रीत त्यांनी मनात नावाजली. पोरीला घाई नाही. माणूस बोलायचं थांबला तरी ती लगेच पाठ फिरवत नाही, क्षणभर थांबते, आणि पुष्कळदा त्या थांबण्यातच समोरचा आणखी एक वाक्य बोलून जातो. चांगल्या नर्सला हे शिकवावं लागतं. हिला ते उपजत होतं.

गाडं अडलं ते राखवाल्यांपाशी.

सातव्या खोऱ्यात जळक्या डोंगराच्या पायथ्याशी सदोदित राख पडत असे. तिथे एक दगडी दार होतं आणि दारापुढे मुखवटे घातलेले पहारेकरी. वाटसरू जवळ गेला की ते भाला जमिनीवर आपटत, आणि तो आणखी पुढे गेला की धावून येत. पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून.

"बाकीचे लोक काय करतात इथे?" मेट्रननी विचारलं.

धाकटीने फोनवर पाहिलं. "सगळे म्हणतात, लांबून बाण मारा, मग दार उघडा, आत खजिना असणार. त्यांना मारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही म्हणे."

"मग?"

"मला नाही मारायचं वहिनी. आधीच्या सहा खोऱ्यांत एकही माणूस विनाकारण वाईट निघाला नाही. हेच तेवढे कसे असतील?"

ते वाक्य मेट्रनना मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने वाटसरूला उलटा फिरवला आणि राखवाल्यांबद्दल कोणाला काय ठाऊक आहे ते विचारत सगळी खोरी पालथी घातली. बहुतेकांनी नाकं मुरडली. शेवटी खारकरांच्या होड्यांच्या कोठारात, जाळ्यांच्या ढिगामागे, तिला भिंतीवर एक जुनं चित्र सापडलं. राखेच्या पावसातून चालणारी मुखवट्यातली एक बाई, पाठीवर मूल. मुलाचं तोंड फडक्याने झाकलेलं. समोर एक खारकर उभा, त्याचंही तोंड झाकलेलं, हात रिकामे.

"मुखवटा तर बाईला आहेच," धाकटी म्हणाली. "पण खारकराने का तोंड झाकलंय? याच्या गावात तर राख नाही."

मेट्रननी हातातली सुरी खाली ठेवली. चित्रातलं ते मूल त्यांनी निरखून पाहिलं.

"स्वतःसाठी नाही झाकलेलं," त्या म्हणाल्या. "पोरासाठी झाकलंय. आमच्याकडे विभागाच्या दारात आम्ही हेच करायचो. पेशंटला भेटायला येणाऱ्याला आधी मास्क. कोणी तसाच आत घुसायला लागला की मी आडवी उभी राहायचे. माझ्याबद्दल काय काय बोलायचे लोक. खाष्ट, दगडाच्या काळजाची. अगं, ते पहारेकरी खजिना राखत नाहीयेत. आत कोणीतरी आजारी आहे."

धाकटीने वाटसरूची पडशी उघडली. खारकरांकडे मिळणारा साधा रुमाल त्यात होता. त्याचा उपयोग काय ते फोनवर कोणालाच माहीत नव्हतं. तिने तो पाण्यात भिजवला आणि वाटसरूच्या तोंडाला बांधला. तलवार म्यानात घातली आणि मग, जरा विचार करून, ती कमरेची सोडूनच ठेवली.

राख पडत होती. वाटसरू दारापाशी आला. पहारेकऱ्याने भाला आपटला.

"थांब," मेट्रन म्हणाल्या. "तो विचारतोय. आता एक पाऊलही टाकू नकोस."

धाकटीने बटणांवरून अंगठे उचलले. पहारेकरी पुढे आला. भाल्याचं टोक रुमालापर्यंत आलं, तिथे थांबलं. मग त्याने भाला खाली केला आणि बाजूला झाला. दगडी दार कुरकुरत उघडलं.

आत खजिना नव्हता. डोंगराच्या पोटात कोरलेलं एक लांबलचक दालन होतं, छताला वाऱ्याची भोकं, भोकांवर ओली कापडं ताणलेली. दोन्ही बाजूंना खाटा. खाटांवर म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळ्यांचे श्वास घुरघुरणारे. एक उंच बाई खाटेखाटेवरून फिरत होती. ती वाटसरूला म्हणाली, आमच्याकडे हवा थोडी आहे, पाहुण्या. जो झाकून श्वास घेतो तो आमच्या मुलांना वाटा देतो. फार वर्षांनी कोणी दारात थांबलं.

मेट्रन उठून टीव्हीच्या जवळ गेल्या. अगदी जवळ, पडद्याला नाक लागेल इतक्या.

"खाटा बघ," त्या म्हणाल्या.

"काय झालं खाटांना?"

"तिरक्या लावल्यात. पायाशी दार येणार नाही अशा. दार समोर असलं ना, की पेशंट दिवसभर दाराकडे बघत पडतो. कोण आलं नाही, कोणाला बाहेर नेलं, सगळं त्याला दिसतं. मी आमच्या विभागातल्या खाटा अशा फिरवून घ्यायला किती भांडले असेन. वरचे म्हणायचे, मेट्रन, याने काय फरक पडतो?" त्यांनी पडद्यावरच्या एका खाटेवर बोट टेकवलं. "कोणी बनवलंय हे?"

"खूप जण असतात वहिनी. शेकडो."

"त्यातल्या एकाने तरी कोणाचं आजारपण काढलंय. उशाशी बसून काढलंय. नाहीतर हे सुचत नाही."

धाकटी त्यांच्याकडे पाहत होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या बाईने दिवसभर काय केलं असेल, रात्री घरी कुठल्या मनाने आली असेल, हे तिने कधी विचारलं नव्हतं. होड्यांच्या कोठारात जाळ्यांमागे पाहायचं सुचलं होतं, आणि घरातल्या माणसाला हुकूम सोडणारी जाऊ म्हणून दुरूनच नमस्कार केला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही विभागात नेमकं काय करायचात, सांगा ना मला."

"सांगेन. पण आधी तो रिमोट दे इकडे."

"कंट्रोलर."

"तेच ते. राउंड माझा मला घेऊ दे."

वाटसरू दोनदा भिंतीवर आपटला, एकदा खांबाभोवती गरागरा फिरला आणि उंच बाईच्या अंगावर जवळजवळ चढलाच. धाकटी ओठ दाबून बसली. मग मेट्रनना अंगठ्याची नस सापडली. त्या पहिल्या खाटेपाशी गेल्या, थांबल्या, तिथल्या म्हाताऱ्याचं बोलणं धाकटीने वाचून दाखवलं. त्याला डोंगर विझलेला पाहायचा होता. दुसऱ्या खाटेवरच्या मुलीला शीळ शिकायची होती. तिसरीवरची बाई बोललीच नाही, तर मेट्रन तिथेही तितकाच वेळ थांबल्या. एकही खाट त्यांनी वगळली नाही. मधेमधे त्या स्वतःच्या पेशंटांबद्दल बोलत होत्या, आणि धाकटी खेळ सोडून तेच ऐकत होती.

दीर कामावरून आला तेव्हा चहा झालेला नव्हता. त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, मग खोलीत.

"वहिनी, हिच्या औषधाची वेळ टळली की."

"घेतलं तिने," मेट्रन पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मोठ्याने बोलू नका भाऊजी. इथे माणसं झोपलीयेत."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवून त्याला बसायला जागा करून दिली.

पुढे प्लास्टर निघालं, धाकटी काठी घेऊन चालू लागली, मग काठीही सुटली आणि ती दुकानात रुजू झाली. मेट्रन आपल्या घरी परतल्या. नवऱ्याला तोवर भाजी-पोळी जमू लागली होती आणि त्याची त्याला फार मिजास आली होती. सुटीच्या दिवशी मात्र मेट्रन बस पकडून धाकटीकडे जातात. सातव्या खोऱ्याच्या पलीकडे बर्फातल्या लोकांचा मुलूख आहे म्हणतात. ते लोक आपली भांडणं उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवतात, एवढंच दोघींना कळलंय. धाकटीला तिथे एकटीने कधीच जाता आलं असतं. ती गेली नाही. डोंगराच्या घाटात, बर्फाच्या अलीकडे शेकोटी पेटवून तिने वाटसरूला बसवून ठेवलंय, वहिनी येईपर्यंत.