हिरव्या लुगड्यातली बाई

शेखरचा फोन आला तेव्हा गोजर अंगणात नाचणी पाखडत होती. फोन तिच्या लेकीने, अक्षदाने घेतला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"काकू, तपासाचे कागद मिळाले! कोर्टाने द्यायला लावले शेवटी. आणि त्यात एक साक्ष आहे, आपल्याला कधी सांगितलीच नव्हती. हिरव्या लुगड्यातली एक बाई खिडकीतून पिशवी आत टाकताना कुणीतरी पाहिलीय. साक्षीदाराच्या नावावर काळी शाई फासलीय, पण त्या बाईचं वर्णन तसंच आहे. ती बाई सापडली ना काकू, की झालं आपलं काम!"

गोजरच्या हातातलं सूप कललं आणि नाचणी मातीत सांडली.

"आये, लक्ष कुठाय गो तुझं?" अक्षदा म्हणाली.

"सांडूं दे," गोजर म्हणाली आणि तशीच खाली बसून राहिली.

सतरा वर्षांपूर्वी मुरबाडच्या स्टँडवर शहापूरला निघालेल्या एस.टी.त बाँब फुटला. अकरा माणसं गेली. त्यात गोजरचा वीस वर्षांचा आदेश होता, आटगावच्या एका कंपनीत कामाचं विचारायला निघालेला. शेखरची बायको दिपिका होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेखर शाळामास्तर. त्याने मेलेल्यांच्या घरच्यांना गोळा केलं आणि तेव्हापासून ही माणसं अर्ज, मोर्चे, उपोषणं करत एकच गोष्ट मागत होती. कुणी केलं ते सांगा.

तसं सांगितलं होतं एकदा. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा जैतू त्याच बसमध्ये मेला. तो दगडखाणीवर सुरुंग भरायला जायचा. त्याच्या बाकाखाली युरियाच्या गोणीच्या पिशवीचे तुकडे मिळाले, आणि तपासवाल्यांना तेवढं पुरलं. आता युरियाच्या गोणीची पिशवी अख्ख्या तालुक्यात कुणाच्या खुंटीला नाही? पण आरोपी मेला, फाइल मिटली. स्टँडवर मेलेल्यांच्या नावांचा दगड लागला, त्यावर जैतूचं वगळून दहाच नावं कोरली.

शेखरच्या माणसांना हा तपास खोटा वाटत होता, आणि तसं ते ठणकावून सांगतही. तरी जैतूची बायको जना मीटिंगला यायची तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. माणसं अशीच. सरकारचा सगळा कागद खोटा म्हणायचं आणि त्यातली एक ओळ मात्र मनात जपून ठेवायची. जना मागच्या रांगेत बसायची, रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची, चहा न घेता निघून जायची.

आणि गोजर? गोजर सतरा वर्षं पहिल्या रांगेत बसत होती.

त्या दिवशी बस फलाटाला लागायच्या आतच माणसं खिडक्यांना भिडली होती. ज्याचा हात पोचेल त्याने रुमाल, टोपी, पिशवी, काय असेल ते आत टाकायचं. ज्या जागेवर पडेल ती जागा त्याची. त्यावरून कुणी भांडत नाही. गोजर उंच, हात लांब. तिने आपली पिशवी टाकली. मागून एकजण म्हणाला, "मावशी, तुमचा हात पोचतोय. माझीपण टाका ना. दोन मिनिटांत आलो." चांगल्या घरचा वाटला, बोलणं गोड. पिशवी जड होती. गोजरने ती दोन्ही हातांनी उचलून, खिडकीतून रेटून, आपल्या पिशवीच्या शेजारी ठेवली. मग आदेशला म्हणाली, "जा, बस. जागा धरलीय." आणि ती त्याच्यासाठी वडे आणायला वळली. वडे कागदात बांधून घेत होती तेवढ्यात फुटलं.

अंगावर हिरवं लुगडं होतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी वाचा गेली म्हणून, मग पोलिसांच्या भीतीने. आणि जैतूचं नाव निघालं तेव्हा तिने ते घट्ट धरून ठेवलं. त्या माणसाच्या पिशवीत कपडेच असतील. जड होते, पण कपडेच. जैतूनेच केलं असेल. असं रोज स्वतःला सांगितलं की घास घशाखाली उतरायचा.

निवृत्त न्यायाधीश बाईंची चौकशी समिती सोमवारी शहापुरात बसणार होती. मधले पाच दिवस गोजरने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. दारात मोटारसायकल थांबली की ती आत जायची. कोण असेल तो साक्षीदार? पानवाला? कंडक्टर? त्याने तिला मोर्च्यात पाहिलं असेल? आणि तिला आठवला तो संघटनेचा बॅनर. त्यावरचा आदेशचा फोटो जत्रेतल्या मायलेकांच्या फोटोतून कापलेला. कापणाऱ्याने आई कापली, पण आदेशच्या खांद्यावरचा तिचा पदर राहून गेला होता. बोटभर हिरवा, त्याच लुगड्याचा. सतरा वर्षं तो बॅनर घेऊन ती रस्त्याने घोषणा देत चालली होती.

"आये, तू नको येऊस," सोमवारी सकाळी अक्षदा म्हणाली. "तोंड बघ कसं उतरलंय. मी जाते."

"नाय. मी येते." न जाण्याची भीती जाण्याहून मोठी होती.

सभागृहात बॅनर नेमका न्यायाधीश बाईंच्या मागेच लावला होता. गोजरने मान खाली घातली. शेखरने कागद वाचून दाखवले. "मॅडम, आमचं मागणं एकच. ही बाई शोधा. तिने पिशवी टाकली, तिलाच खरं माहीत. अकरा माणसं मारून ती कुठेतरी सुखाने जेवतेय."

गोजरने तो शब्द ऐकला. सुखाने!

तेवढ्यात हनुमान उठला. त्याचा भाऊ गेला होता आणि तो जनाकडे सतरा वर्षं रागाने बघत होता. "शोधायला लांब कशाला जायचं? जैतूची बायको होती ना स्टँडवर! ती आत बसली नाय, खालीच राहिली, म्हणून वाचली. का राहिली खाली? हिलाच विचारा हिरवं लुगडं कुणाचं ते!"

सगळ्या माना मागे वळल्या. "बोल ना गो!" कुणीतरी ओरडलं. जना मांडीवर हात ठेवून बसली होती. पंचावन्नची असेल, सत्तरची दिसत होती. तिने हनुमानकडे पाहिलं, शेखरकडे पाहिलं, गोजरकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

गोजरच्या मनात आलं, आता गप्प राहिलं की सुटलो. सगळं जनावर जाईल. आधी नवऱ्यावर आळ आला, आता बायकोवरही येईल. आपण घरी जायचं, नाचणी पाखडायची. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच इतकी किळस वाटली, की ती उभी कधी राहिली ते कळलंच नाही.

"ती बाई मी."

"काकू, बसा, तुम्हाला बरं नाहीय," शेखर म्हणाला.

"मी हाय रे, शेखर. त्यो पदर बघ आदेशच्या खांद्यावर. माझाच हाय. एका माणसानं जागा धरायला पिशवी दिली. मी टाकली. माझ्या हातानं ठेवली आणि पोराला सांगितलं, जा बस."

अक्षदाने तोंडावर हात दाबला. शेखर बॅनरकडे वळून बघत राहिला, आणि मग त्याच्या तोंडून इतकंच निघालं, "सतरा वर्षं, काकू?"

मागून खुर्ची सरकली. जना उठली होती.

"त्या कागदातला साक्षीदार मी हाय," ती न्यायाधीश बाईंना म्हणाली. "जैतूला गाडीत बसवायला आले व्हते मी. तवा पोलिसांना मीच सांगितलं, जैतूची पिशवी नाय, एका बाईनं टाकली. त्यांनी लिवून घेतलं आणि जैतूलाच धरलं."

न्यायाधीश बाईंनी आपल्याकडची प्रत उघडली. त्यावर शाई नव्हती. त्यांनी नाव वाचून मान हलवली.

गोजर जनाकडे वळली. "तू वळखलं व्हतंस मला?"

"पयल्याच मीटिंगला."

"मग सांगितलं का नाय? तुझा नवरा सुटला असता!"

"आई आपल्या पोराच्या बाजूला बाँब ठेवते काय?" जना म्हणाली. "मला ठावं व्हतं, तुमाला कुणीतरी फसवलंय. पण त्यांना कोण तरी पायजेच व्हता, बाय. माझा मेलेला व्हता. त्याला आणखी काय करणार व्हते? तुमी जित्या व्हत्या. तुमाला सोडलं नसतं."

हनुमान खाली बसला. ज्या बाईच्या चहाची गोजरने कधी चौकशी केली नव्हती, ती तिला सतरा वर्षं राखत होती.

"गोजरबाई," न्यायाधीश बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पिशवी देणारा तो माणूस. त्याचा चेहरा आठवतो तुम्हाला?"

तो चेहरा तिने किती वेळा पुसायचा प्रयत्न केला होता. सतरा वर्षं सगळ्यांबरोबर घोषणा देत ज्याला शोधलं, त्याला पाहिलेली ती एकटीच होती. त्याचं गोड हसू, डाव्या भुवईतला व्रण, मावशी म्हणतानाचा आवाज, सगळं जिथल्या तिथे होतं.

"आठवतो," ती म्हणाली. "सगळा आठवतो."

टंकलेखकाने नवा कागद चढवला. जनाने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली.

"हितं या," ती म्हणाली. "बसून सांगा."